डिस्क जोडलेली नव्हती

खंडेनवमीला अकोल्याच्या ग्रंथालयातला सर्व्हर बंद केला गेला. त्याला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. शमीमआपांनी घरून आणलेली झेंडूची फुलं त्यावर ठेवली. शिपाई जानराव यांनी बटण दाबलं. सर्व्हर चालू झाला. लोकांनी पेढे खाल्ले आणि ते घरी गेले.

मी त्या दिवशी अमरावतीत होते. हे सगळं मला पुढच्या वैशाखात, तुकड्यातुकड्यांनी कळलं. तोवर शमीमआपा राहिल्या नव्हत्या.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, ड्रायव्हरची गाडी, आणि आता आमचे संगणक. पूजेआधी यंत्र थांबवायचं असतं. चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत. त्यामुळे वर्षभर इन्व्हर्टरच्या आधाराने अखंड चालणारा तो सर्व्हर वर्षातून एकदाच झोपायचा आणि एकदाच जागा व्हायचा. या चालीबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे आणि तो कमी व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही.

आयुष्यभर मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळली. शमीमआपा तिथे इतिहास शिकवायच्या. रोज अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणि तिथून ऑटो. पहिल्या तासाला त्या कधी उशिरा आल्या नाहीत. माझ्या प्रयोगशाळेत पंखे जोरात फिरायचे म्हणून मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिथे यायच्या आणि पुस्तक वाचत जेवायच्या. आम्ही दोघी फार बोलत नसू. मीही वाचत असे. कधी मी एखाद्या बिघाडाशी झटत असले की त्या पुस्तकातून डोकं न काढता विचारायच्या, "काहून वं सुनंदा, आज कोन मेलं?"

"डिस्क," मी म्हणायचे.

"मंग मातीले कधी जायाचं ते सांगजो."

निवृत्तीनंतर त्या अकोल्यात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचू लागल्या. बोलकी पुस्तकं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. वाचताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर घरघर ध्वनिमुद्रणात येते. अकोल्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय, हे अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. तिथला सर्व्हर लिनक्सवर चालतो, त्याला अडचण आली की आपा मला बोलवायच्या. मी जायचे. काम झालं की त्यांच्या घरी जेवण.

माझं काम काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर शेताचं उदाहरण बरं पडतं. नवी डिस्क ही पडीत जमीन असते. आधी तिच्यात धुरे घालायचे, म्हणजे कुठून कुठपर्यंत कोणता तुकडा ते ठरवायचं. याला पार्टिशन म्हणतात. मग तुकडा नांगरून त्यात तास पाडायचे, म्हणजे कोणती फाईल कुठे ठेवली ते यंत्राला शोधता येईल अशी रचना करायची. याला लोक फॉरमॅट म्हणतात, आणि आधीचं पीक उभं असेल तर ते नांगराखाली जातं. इतकं केल्यावरही लिनक्सला ते शेत दिसत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते. एखादं रिकामं फोल्डर निवडायचं आणि सांगायचं, या फाटकापलीकडे ते शेत आहे. याला माउंट करणं म्हणतात. मी साधं जोडणं म्हणते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डिस्क जोडलेली नसली तरी फाटक तिथेच असतं. ते उघडतं. आत माल टाकता येतो. फक्त तो माल नव्या शेतात न जाता फाटकाला लागून असलेल्या आपल्याच जुन्या शेताच्या कोपऱ्यात पडतो. यंत्र तक्रार करत नाही. आणि नंतर कधी नवी डिस्क त्याच फाटकाला जोडली, की तो कोपरा दिसेनासा होतो. दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही.

हाताने जोडलेली डिस्क यंत्र बंद होईपर्यंतच जोडलेली राहते. कायमची जोडायची तर यंत्र जागं होताना जी फाईल वाचतं तिच्यात एक ओळ लिहावी लागते. एकच ओळ. ती लिहिल्यावर यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे, यंत्र एकदा झोपून उठल्याशिवाय तुमचं काम झालं असं म्हणू नका. ते हसायचे.

आमच्या भागात एक फार मोठी श्रद्धा आहे, फॉरमॅटवर. पूर्वी खेड्यात डॉक्टरने सलाईन लावली नाही तर उपचार झाल्यासारखं वाटायचं नाही. संगणकात ती जागा फॉरमॅटने घेतली. परतवाड्याचे एक फोटो स्टुडिओवाले भाऊ सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी यायचे. डिस्क पिशवीत, पिशवीत खाली वांगी.

"ताई, थोडं फॉरमॅट मारून द्या."

"झालं काय तिला?"

"काही नाई झालं. जरा हळू चालून राह्यली."

"आत काय आहे?"

"तीन लग्नं, एक तेरवी."

"त्यांची नक्कल कुठे आहे?"

"नक्कल काहाले? त्याच्यातच आहे ना सगळं."

मी त्यांना वांगी ठेवून डिस्क परत न्यायला सांगितलं होतं, आधी नक्कल करा म्हणून. ते रागावले. पुढे त्यांनी ती बाजारात कोणाकडून तरी फॉरमॅट करून घेतली आणि तीन घरची माणसं त्यांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. हा किस्सा मी वर्षानुवर्षं हसत सांगितला. आता सांगवत नाही.

तर, दसऱ्याच्या काही दिवस आधी एका दात्याने ग्रंथालयाला मोठी एसएसडी डिस्क दिली. पुरवठादाराकडून आली तेव्हा "बसवून देणे" त्यातच धरलेलं होतं, म्हणून मला कळवलं नाही. अंकुश नावाचा त्यांचा इंजिनियर आला. त्याने धुरे घातले, तास पाडले, "आवाज" नावाच्या फोल्डरला डिस्क हाताने जोडली, कार्यवाह वानखडे साहेबांना दाखवली. साहेबांनी डोळ्यांनी पाहिली. चालू होती. ती ओळ त्याने लिहिली नाही.

डिस्क अजून रिकामीच होती. खंडेनवमी आली. यंत्र झोपलं, उठलं, आणि नव्या डिस्कची वाट त्याला आठवली नाही. "आवाज" उघडलं तर रिकामं. आधीही रिकामंच होतं. कोणाला काय वेगळं दिसणार?

त्याच दिवाळीनंतर आपांनी पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक वाचायला घेतलं. कायदा नव्याने आला होता, कलमांचे क्रमांक बदलले होते, जुनं ध्वनिमुद्रण कुचकामी झालं होतं. ते हवं होतं तिवस्याच्या दीपालीला. जन्मापासून दिसत नाही. अमरावतीत वकिली शिकते. तिला अक्षरं मोबाइलच्या यंत्राच्या आवाजात ऐकता येतात, पण ते यंत्र मराठी कायद्याचं वाक्य असं वाचतं की नाकारलं की मान्य केलं तेच कळत नाही. आपा आधी वाक्य मनात वाचत, मग मोठ्याने. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं मुद्रण खोलीतल्या लहान संगणकावरून "आवाज" फोल्डरमध्ये जायचं आणि लहान संगणकावरून पुसलं जायचं. ती व्यवस्थाही अंकुशनेच केली होती. संपादन करणारे सावकाश एकेक प्रकरण साफ करून दीपालीला पाठवत. पुस्तकाचा अर्धा भाग तिच्याकडे पोचला होता.

आपांना श्वासाचा त्रास होता. मला त्यांनी सर्दी सांगितली. एकदा मी फोनवर म्हटलं, थोडे दिवस वाचू नका. त्या म्हणाल्या, "पोरीची परीक्षा हाय. तिनं काय मले पाहून पास व्हायचं हाय का? ऐकूनच व्हायचं हाय." होळीनंतर त्या गेल्या. मी अकोल्याला गेले, त्यांच्या घराबाहेर बायकांत बसले आणि परत आले. त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडून पुस्तकाचं पान उलटलं गेलं नाही.

वैशाखात दीपालीचा फोन आला. आवाज दबलेला.

"काकू, तुम्हाले एक विचारू? आपाजीनं पुढचं पुस्तक वाचलंच नव्हतं का?"

"वाचलं होतं. मला सांगत होत्या रोज कुठवर आलं ते."

"मंग साहेब असे काहून म्हणून राह्यले?"

"काय म्हणाले?"

"म्हणले, आपाजीनं रेकॉर्ड केलं पण सेव्ह नाई केलं. वय झालं होतं, बटन चुकत होतं. आता काहीच नाई म्हणले."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. आपांना मी स्वतः ते मुद्रण शिकवलं होतं. त्या प्रत्येक बैठकीनंतर शेवटचं वाक्य पुन्हा ऐकून मगच उठायच्या. बटण चुकणारी बाई नव्हती ती. आणि चुकली असती तरी, मेलेल्या माणसाच्या नावावर चूक टाकणं किती सोपं, ते उठून उत्तर देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अकोल्याला गेले.

सर्व्हरच्या खोलीत वानखडे साहेब कूलरसमोर बसले होते. अंकुश यंत्रापुढे, हातात नव्याने सगळं बसवायचा पेनड्राइव्ह. मला पाहून साहेब म्हणाले, "या मॅडम, उन्हाच्या कशाला आल्या? याचं होऊनच राह्यलं."

"काय होऊन राहिलंय?"

अंकुशने सांगितलं. पोरगा उर्मट नव्हता, घाईत होता. "जुनी डिस्क पुरी भरली होती मॅडम, सर्व्हर अडकून राह्यला होता. मी मांगच्या हप्त्यात येऊन पाह्यलं तर नवी एसएसडी जुळलेलीच नाई. मंग मी आधी ते जोडून देल्ली. आता जागाच जागा हाय. आवाज फोल्डर रिकामं हाय. जुन्या डिस्कवर कचरा भरला, ते फॉरमॅट मारतो आन नवीन बसवतो."

"कोणता कचरा?"

"असते ना मॅडम. सिस्टिमचा."

"तू उघडून पाहिलास?"

तो साहेबांकडे पाहू लागला. साहेब म्हणाले, "मॅडम, त्यानं बारा गावचे सर्व्हर लावले आहेत. तुमच्या वेळची गोष्ट निराळी होती."

मी म्हटलं, "पेनड्राइव्ह टेबलावर ठेव. उठ."

इतक्या वर्षांत मी कोणाला असं बोलले नव्हते. तो उठला.

मी यंत्राला पहिला प्रश्न विचारला, जुनी डिस्क किती भरली आहे. यंत्र म्हणालं, पूर्ण. दुसरा प्रश्न विचारला, या डिस्कवर तुला दिसणाऱ्या सगळ्या फाईलींची बेरीज कर. उत्तर आलं निम्म्याहून कमी. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात यंत्र जमीन मोजतं, दुसऱ्यात उभं पीक. जमीन भरलेली आणि पीक निम्मं, म्हणजे उरलेलं पीक आहे, पण दिसत नाही अशा जागी आहे. कचरा नाही. कचराही बेरजेत दिसतो.

"अंकुश," मी म्हटलं, "डिस्क कधीपासून जुळलेली नव्हती?"

"मले काय मालूम मॅडम. मी तं जोडून देल्ली होती."

"त्यानंतर सर्व्हर कधी बंद झाला?"

"कधीच नाई," साहेब म्हणाले. "आपल्या इथं बंद होतच नाही."

दारात जानराव उभे होते. ते म्हणाले, "खंडेनवमीले केला होता ना साहेब. पूजेले."

अंकुशला कळलं. त्याच्या तोंडावरून मला दिसलं की त्याला पूर्ण कळलं. मी एसएसडी त्या फाटकावरून सोडवली आणि "आवाज" फोल्डरमध्ये काय आहे ते विचारलं.

पडदा भरून नावं खाली सरकत गेली. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीपासून होळीपर्यंतची प्रत्येक. इतके महिने ती तिथेच होती, आणि त्यांना कचरा म्हटलं गेलं होतं, आणि पेनड्राइव्ह लागायच्याच बेतात होता.

मी कुठलीतरी एक फाईल वाजवली. आधी श्वास. मग आपा: "सिद्ध करण्याची जबाबदारी. जो पक्ष एखादी गोष्ट आहे असं म्हणतो, ती गोष्ट सिद्ध करण्याची जबाबदारी त्या पक्षावर असते." पुढे एक कलम, एका श्वासात संपणार नाही असं. मग त्या थांबल्या. "लंबं झालं, दीपाली. वकिलायले बिलकुल वाक्य तोडता येत नाई. पुन्यांदा वाचते, ध्यान देजो."

जानराव दारातून निघून गेले. साहेब म्हणाले, "वा. चला, मिळालं तर."

मी एसएसडी दुसऱ्या रिकाम्या फोल्डरला जोडली आणि नक्कल करायला लावली. आधी नक्कल, मग बाकी सगळं. जुनी डिस्क उन्हाने म्हणा, वयाने म्हणा, टिकटिक करू लागली होती. एका प्रकरणाच्या फाईली तिने दिल्या नाहीत. मी पुन्हा पुन्हा मागितल्या, वेगवेगळ्या तऱ्हेने मागितल्या. दिल्या नाहीत. ओळ लिहिलेली असती तर त्या फाईली या मरत्या डिस्कवर कधी पडल्याच नसत्या. त्या नव्या डिस्कवर असत्या, जी त्या सगळ्या काळात त्याच पेटीत रिकामी बसून होती.

मग मी ती ओळ लिहिली. डिस्कच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने लिहिली, कारण यंत्र उठताना डिस्कना जी अक्षरी नावं देतं ती दर वेळी बदलू शकतात. एसएसडी सोडवलेली असताना मूळचं फोल्डर रिकामं करून त्याला कुलूप घातलं, म्हणजे डिस्क जोडलेली नसेल तेव्हा तिथे कोणी काही टाकू लागलं तर यंत्र नाही म्हणेल. सर्व्हर बंद केला, चालू केला. अंकुश मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "हे कुलूपाचं मले कोनी सांगतलं नव्हतं मॅडम."

मी त्याला सगळं पुन्हा करून दाखवलं. त्याच्यावर माझा राग आहे, पण तो मोजका आहे. त्याला घाईने काम करायला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. एका दिवसात चार ठिकाणी पाठवतात आणि सही आणली का एवढंच विचारतात.

माझा न मोजता येणारा राग दुसरा आहे. निघताना मी वानखडे साहेबांना म्हटलं, "दीपालीला फोन करून सांगा की आपांनी सगळं सेव्ह केलं होतं."

"तुम्ही सांगालच ना."

"बटण चुकलं हे तुम्ही सांगितलं. मी नाही."

"मॅडम, गेलेल्या माणसाबद्दल कोणी वाईट बोलून नाही राह्यलं. तांत्रिक अडचण होती. सुटली. आता कशाला उकरून काढता?"

"आपांच्या मुलालाही सांगितलंत तुम्ही ते, जानरावांकडून कळलं मला. मयतीच्या घरी जाऊन."

"सांगितलं म्हणजे बोलण्यात आलं. तसा अर्थ नव्हता."

त्यांनी फोन केला नाही. संस्थेच्या सभेत त्यांनी सांगितलं की तांत्रिक अडचणीमुळे काही ध्वनिमुद्रण तात्पुरतं अनुपलब्ध होतं. टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत होते. उठून बोलायला हवं होतं असं मला लोक सांगतात. मी उठले होते. म्हटलं, आपांच्या हातून काही चुकलं नव्हतं, एवढं वाक्य सभेच्या वृत्तांतात घाला. साहेब म्हणाले, "अवश्य, अवश्य, चहा घेऊन बोलू." वृत्तांत छापून आला. वाक्य नाही.

तांत्रिक अडचण हा शब्द मी आयुष्यभर ऐकला आणि आयुष्यभर कोणाच्या तरी अब्रूवर तो पांघरूण म्हणून वापरलेला पाहिला. यंत्राला अडचण नसते. त्याला जेवढं सांगितलं तेवढं ते करतं आणि सांगितलं नाही ते करत नाही. अडचण माणसाची असते: तपासायचा कंटाळा, विचारायची लाज, आणि चूक कळल्यावर ती जो बोलू शकत नाही त्याच्याकडे सरकवण्याची सवय. ही सवय फॉरमॅट होत नाही.

आपांच्या मुलाकडे मी स्वतः गेले. त्याला शेताचं, फाटकाचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "खाला, अम्मीले मालूम होतं ना की तिनं सेव्ह केलं होतं? मंग झालं." माझं झालं नाही. त्याने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आपांची वाचायची खुर्ची अजून खिडकीशी होती आणि तिच्यावर वाळलेले कपडे टाकले होते.

दीपालीने परीक्षा दिली. त्या विषयात ती काठावर पास झाली. फोनवर म्हणाली, "काकू, संपादन नका करू पुढच्याचं. खोकला राहू द्या. मले असंच ऐकायचं आहे."

यंदा खंडेनवमीला मी सकाळीच अकोल्याला गेले. सर्व्हर बंद केला. जानरावांनी हळदकुंकू लावलं. फुलं बाजारची होती. पूजा झाल्यावर मी इतरांना पेढे घ्यायला पाठवलं आणि बटण दाबून तिथेच उभी राहिले. यंत्र उठलं. डिस्क आपोआप जोडली गेली. मी फोल्डर उघडून पाहिलं.

आपांचं पुस्तक त्या डिस्कवर आहे. त्यातलं मधलं एक प्रकरण नाही. शेवटची तीन कोणी वाचलेली नाहीत.